तिसरी तार

विलास, तुझी गंगूमावशी सांगत सुटलीय की तू घरामागच्या नळात आहेस.

तू असतास तर सगळ्यांत आधी तूच हसला असतास, गिटार पोटाशी धरून, डोळे मिटून, ठसका लागेपर्यंत. मला हसू आलं नाही. तुझ्या दहाव्याला नदीवरून सगळे कुसगावला घरी परतले, मावशी पाय धुवायला मागं गेली, नळाची चावी धरली आणि कोपरापर्यंत मुंग्या चढल्या म्हणून किंचाळली. "हितं हाय त्यो! घुटमळतोय बगा! कशात तरी जीव अडाकलाय त्याचा." माणसं धावली. कुणी हात जोडले, कुणी चावीला हळदकुंकू लावलं. सुनंदावहिनी पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्या उठल्या, गर्दीतून पुढं आल्या आणि त्यांनी तो नळ दोन्ही हातांनी धरला. त्यांचा चेहरा बदलला. तुझा देह उचलताना ज्या बाईच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं, ती तिथं घळाघळा रडली.

मी तिथं पोचेपर्यंत पाचदहा मिनिटं गेली असतील. लोणावळ्यात मिक्सर, इन्व्हर्टर आणि बंद पडलेले टीव्ही दुरुस्त करणारा माणूस मी. हाताला मुंग्या म्हटलं की माझा हात आपोआप खिशातल्या टेस्टरकडं जातो. नळाला टेस्टर लावला. त्यातला दिवा पेटला नाही. चावीला लावला, भिंतीतल्या पाइपला लावला, कुठंच काही नाही. मावशी म्हणाली, "तुज्या त्या काडीत मानूस दिसतो व्हय रं नंदू?" उपाशी म्हातारी, उन्हातून चालत आलेली, असं स्वतःला समजावलं.

त्या दिवसापासून वहिनी रोज दुपारी नळापाशी जायला लागल्या. चावी धरून उभ्या राहायच्या. मला म्हणाल्या, "कदी येत्यात, कदी न्हाई. दुपारी मात्र येत्यात." हे सांगताना त्या अगदी शांत होत्या.

तू त्या नळात नव्हतास, विलास. तिथं जे होतं, ते तुलाही भेटून गेलं होतं. त्याचीच गोष्ट सांगायचीय तुला. आधी मात्र तुझ्याशी भांडायचंय.

भांडण सुरू झालं ते त्या बंगल्यापासून. भुशीच्या रस्त्याला आत, झाडीत बुडालेला. पाडून तिथं हॉटेल होणार होतं आणि तिथल्या माळ्याचा तुला निरोप आला होता, की आत एक गाण्याची पेटी आहे, बघून घ्या. तू जुने व्हॉल्व्हचे ॲम्प गोळा करतोस हे घाटातल्या माकडांनासुद्धा ठाऊक होतं. गिटार त्यात लावायची, आवाज मोठा करायचा, एवढंच त्या पेटीचं काम. पण आजकालचे ॲम्प तुला चालत नव्हते. आत काचेचे दिवे पेटले पाहिजेत, ते तापले पाहिजेत, तरच ते यंत्र. नाहीतर तुझ्या मते तो नुसता भोंगा.

बाहेर धुकं असं दाट की पोर्चमधून झाडं दिसत नव्हती. आतल्या खोलीत भिंतींना बुरशी, जमिनीवर वटवाघळांची घाण, आणि मधोमध चादरीखाली झाकलेलं ते धूड. तुझी खरेदीची रीत मला पाठ होती. चादर काढल्याकाढल्या तू गुडघ्यावर बसलास आणि पेटीच्या मागं नाक घातलंस. आधी वास, मग डोळे, भावाची गोष्ट अगदी शेवटी. "जळल्याला वास न्हाई. धूळ हाय नुसती," म्हणालास. मागच्या पाटीवरचं कंपनीचं नाव कुणीतरी खरवडून काढलं होतं. पुढच्या कापडावर एक मोठा काळपट डाग होता. त्याकडं तू बघितलंस, मी बघितलं.

माळी दारातच उभा होता, आत येईना. म्हणाला, "सायेब ह्याच्याम्होरंच गेलं. खुर्चीत बसल्याबसल्या. तवापास्नं कुनी लावला न्हाई. तुमीबी लावू नका. शोभंला ठिवा."

"शोभंला ठिवाया त्यो काय गनपती हाय?" तू म्हणालास आणि पेटीला हात घातलास.

मी त्या दिवशी माळ्याची थट्टा केली होती, परतताना टेम्पोत. गोधडीत गुंडाळलेला ॲम्प मांडीला टेकवून तू बसला होतास आणि प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरला शिव्या घालत होतास. माणूस म्हातारा होता, खुर्चीत गेला, त्यात पेटीचा काय दोष, असं मी म्हणालो. आता ते वाक्य मला परत घ्यायचं नाही. दोष पेटीचा नव्हताच. पण ते म्हणताना मी किती निर्धास्त होतो, ते आठवलं की गार पडायला होतं.

माझ्या दुकानात तो ॲम्प पहिल्यांदा जागा झाला. वर्षानुवर्षं झोपलेलं यंत्र एकदम विजेला लावायचं नसतं. मध्ये शंभरचा बल्ब जोडायचा. आत काही बिघडलं असेल तर बल्ब भसकन पेटतो आणि ॲम्प वाचतो. तुला मी तेव्हाच दरडावून सांगितलं होतं, आत हात घालायचा तर एकच, उजवा. डावा खिशात. अशा पेटीत वीज बंद केल्यावरसुद्धा दबा धरून बसलेली असते, आणि दोन हात लावले तर ती एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघते. वाटेत काळीज असतं. तू लगेच डावा हात खिशात घातलास आणि मग चहा प्यायलास तोही तसाच, एका हातानं, मला चिडवायला.

बल्ब पेटला, मंद झाला, तसाच अर्धवट जळत राहिला. पेटीच्या मागं काचेच्या नळ्यांमधून आधी काहीच नाही, मग निखाऱ्यासारखी लाली. जुनी धूळ तापल्याचा वास दुकानभर पसरला. मी म्हणालो, वाजव की. तू हात वर केलास. "थांब. तव्यावर भाकर टाकायच्या आदी तवा तापू देत्यात का न्हाई?" आणि थांबलास. मी जन्मभर यंत्रं दुरुस्त केली, चालू झालं की पुढचं गिऱ्हाईक. यंत्रापुढं कुणी वाट बघत बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

मग तू एकच तार छेडलीस. गाणं नाही, नुसता एक सूर. तो आधी गोल निघाला आणि तू जोर दिलास तसा कडेला फाटत गेला, पण कर्कश झाला नाही. दम लागलेला माणूस गातो तसा झाला. माझ्या फळीवरचे स्क्रू थरथरले. समोरचा चिक्कीवाला वजनकाटा तसाच सोडून दारात येऊन उभा राहिला. विलास, तू मला काय दिलंस असं कुणी विचारलं तर मी हे सांगेन. तू मला ऐकायला लावलंस. त्याआधी मी नुसता तपासत होतो.

पण तपासणारा माणूसही लागतोच ना रे? त्या ॲम्पच्या वायरीला दोनच तारा होत्या. जमिनीकडं जाणारी तिसरी तार, जी काही बिघडलं तर वीज मुकाट्यानं मातीत नेऊन सोडते, ती त्यात नव्हतीच. वर एक छोटा कंडेन्सर विजेच्या तारेवरून थेट पत्र्याच्या पेटीला टेकवलेला. त्या काळी तसंच करायचे. तो कंडेन्सर फुटला की वीज पेटीत, पेटीतून गिटारच्या तारांत, तारांतून बोटांत. जुन्या कारागिरांत त्याला मरणाचा कंडेन्सर म्हणतात.

हे काही माझ्या मनचं नव्हतं. लोणावळ्यातल्या ज्या हॉटेलात तू शनिवारी वाजवायला जायचास, तिथं माइकला तुझा ओठ लागला आणि तू मागच्या मागं फेकला गेलास, विसरलास? ओठावर काळा ठिपका पडला होता. पाहुण्यांना वाटलं, गाण्याच्या भरात उडी मारली. टाळ्या वाजवल्या त्यांनी.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्याकडं आलो. ती संध्याकाळ मला शब्दन् शब्द आठवते.

"तिसरी तार टाकू. तो कंडेन्सर काढू."

"आरं नंद्या, वरिजनल हाय त्ये समदं. म्हाताऱ्याचं दात पाडून कवळी बसवतोस व्हय?"

"म्हाताऱ्याच्या दातांत विष असेल तर पाडीन."

"आवाज बदलंल त्याचा."

"आवाज बदलत नाही, गाढवा. माणूस वाचतो." मी चांगलाच तापलो होतो. "आणि नुसती तार टाकून भागणार नाही. तुझ्या घराला अर्थिंग आहे कुठं? मागं खड्डा खण, मीठकोळसा भर, पट्टी पूर. दोन्ही कर. एक करून उपयोग नाही."

"एक गिटार वाजवाया आता खानीत उतरू का म्या?" तू म्हणालास. मग मी तुला जे बोललो ते बोललो, आणि तू मला. सायली, तुझी लेक, पुण्याहून सुटीला आली होती, ती आतून बाहेर आली आणि आपल्या दोघांना बघून परत आत गेली. मी स्कूटरला किक मारली. आपण दोघं एकाच माळेचे मणी. तू फोन केला नाहीस, मी केला नाही. ऊन तापलं, पाऊस पडला, गणपती आले, गेले. आपल्यामधलं शेवटचं धड वाक्य खाणीचंच राहिलं.

तुझ्या शेवटच्या दिवसाचं मला वहिनींनी सांगितलं. दसरा होऊन गेला होता, भातं कापायला आली होती. दुपारी लाइट नव्हती. तू शेतावरून आलास, मागं जाऊन पाय धुतलेस, कारण ॲम्पच्या खोलीत पाय न धुता कुणी यायचं नाही, हा तुझाच नियम. ओल्या पायांनी शहाबादी फरशीवरून स्टुलापर्यंत गेलास. ॲम्पचं बटण दाबून ठेवलंस, गिटार मांडीवर घेतलीस. वहिनींना म्हणालास, "लाइट आली की तापंल. तवर बसतो." त्यांनी चहा ठेवला. लाइट आली, पंखा फिरला. त्या तुझ्या सुराची वाट बघत राहिल्या. तापायला वेळ लागतो हे त्यांनाही माहीत. "च्या गाळून झाला भाऊजी, तरी सूर न्हाई," म्हणाल्या. आत गेल्या तर तू फरशीवर, गिटार अंगावर, तिची वायर ॲम्पमधून निसटून पडलेली.

डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलं. तुझी बिडी होती, साखर होती, कुणाला शंका येणार?

शंका मात्र सगळ्यांनाच आली, विजेची नव्हे, ॲम्पची. माळ्याचं बोलणं गावात कधीच पोचलं होतं. मावशी म्हणाली, "मेल्या मानसाची वस्तू घरात आनली. एक मालक खाल्ला तिनं, आता दुसरा. भुशीच्या धरनात न्हिऊन टाका." म्हैस पाणी पीत नव्हती. नळाखालच्या लोखंडी टाकीपाशी न्यायचे, ती मान पुढं करायची, फुसकन मागं सरायची, दावं ओढायची. लोक म्हणाले, मालकाचं दुःख करतेय. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला लागले. मीही पाहिली, आणि खरं सांगतो, मलाही भरून आलं. मुक्या जनावराला कळतं, असं मीच कुणाला तरी म्हणालो.

ॲम्पबद्दल माझं मावशीशी एकमत होतं, हे ऐकून तुला नवल वाटेल. ती म्हणत होती भूत, मी म्हणत होतो कंडेन्सर. भांडण मी जिंकलो होतो, विलास. तुझ्या चितेपाशी उभा राहून मी हेच म्हणत होतो, बघ, सांगितलं होतं की नाही. असं जिंकणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

सायलीनं ॲम्प उचलू दिला नाही. दारात उभी राहिली. "काका, आधी उघडून बघा. बाबांना यानंच मारलं असेल तर मी स्वतः घण घालीन. नसेल तर हा इथंच राहील."

तेरावा झाल्यावर मी गेलो. दुपार होती, लाइट नव्हती. प्लग काढून ठेवला, मागची फळी सोडवली, डावा हात खिशात. सायली शेजारी बॅटरी धरून बसली. मला आत काय दिसणार हे पाठ होतं. दोन तारा आणि फुटलेला कंडेन्सर.

आत तीन तारा होत्या.

हिरवी तार पेटीच्या पत्र्याला स्क्रूनं आवळलेली, वर सोल्डरचा डाग, गोल, चकचकीत, मी तुला शिकवला तस्सा. कंडेन्सर जागेवर नव्हता. तो एका प्लॅस्टिकच्या पुडीत, फळीच्या आतल्या अंगाला चिकटपट्टीनं लावून ठेवलेला. वरिजनल! तो तू फेकणार नव्हतासच. मी पुडी हातात घेतली आणि मला रडू आलं, पोरीसमोर. तू ऐकलं होतंस. आपल्या भांडणानंतर कधीतरी, एकट्यानं, मला न सांगता, माझ्या हट्टापुढं मान तुकवली होतीस.

"म्हणजे यानं नाही?" सायलीनं विचारलं.

"यानं नाही," मी म्हणालो. छातीवर हात ठेवून म्हणालो.

तिनं बॅटरी विझवली. मग म्हणाली, लाइट आली की वाजवू या, बाबांसाठी. मी फळी लावली, प्लग भिंतीत घातला. ॲम्पचं बटण मी बंदच ठेवलं होतं. ती मागं जाऊन पाय धुऊन आली, तुझा नियम पाळून, आणि तिच्या पावलांचे ओले ठसे दारापासून तुझ्या स्टुलापर्यंत उमटले. तिनं गिटारची वायर ॲम्पमध्ये खोचली. गिटार अजून भिंतीला टेकलेली होती.

पंखा फिरला. घराच्या मागं बोअरची मोटर घरघरली. ऑटोवर आहे, लाइट आली की आपली आपण सुरू होते. मी काही विचार करून नाही, निव्वळ सवयीनं, ॲम्पच्या पत्र्याला टेस्टर टेकवला.

तो लालभडक पेटला.

ॲम्प बंद होता. बटण बंद, दिवा बंद, एकही व्हॉल्व्ह तापलेला नाही. आणि वीज पत्र्यावर येऊन बसलेली. सायलीचा हात गिटारच्या तारांकडं चालला होता. मी तिच्या मनगटावर चापट मारली, इतक्या जोरात की ती स्टुलावरून खाली आली, आणि प्लग उपटला. वीज ॲम्पमधून येत नव्हती. ती भिंतीतून येत होती, तिसऱ्या पिनेतून, तू टाकलेल्या हिरव्या तारेतून, उलटी.

तेवढ्यात मागून वहिनींचा आवाज आला. कुणाला तरी त्या हळूच म्हणाल्या, "आलासा?"

मी धावलो. त्या नळाची चावी धरून उभ्या होत्या, डोळे मिटलेले. पायांत रबरी स्लिपर होत्या, जमीन कोरडी होती. एवढंच काय ते त्यांच्या आणि तुझ्यामध्ये अंतर राहिलं होतं. मोटर घरघरत होती. पलीकडं म्हैस दावं ताणून उभी होती, टाकीपासून जमेल तेवढी लांब.

"वहिनी, हात सोडा."

"न्हाई. हितं हायेत त्ये. आज लय जोरात हायेत."

मी त्यांना धरून ओढू शकत नव्हतो. धरलं असतं तर दोघंही गेलो असतो. पळत पडवीत आलो आणि मेन स्विच खाली ओढला. मोटर थांबली. पंखा थांबला. वहिनींनी डोळे उघडले, चावीकडं बघितलं, मग माझ्याकडं. ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"काय केलंत भाऊजी?" म्हणाल्या. "गेले ना त्ये."

त्यांना मी तिथंच पायरीवर बसवून सांगितलं. बाहेरून काही आलेलं नाही, वहिनी, घरातलीच वीज आहे. त्यांनी ऐकून घेतलं. एकदाच विचारलं, "म्हंजी ज्यानं त्यास्नी न्हेलं, त्यालाच म्या रोज हात लावीत हुते?" मी हो म्हणालो. खोटं कसं बोलणार होतो?

बाकीचं सायलीनं सांगितलं. पाहुण्यांच्या खोल्या काढायच्या म्हणून आपल्या भांडणानंतर, ऐन उन्हाळ्यात, तू बोअरपासून घरापर्यंत चर खणून घेतलास, गंजका लोखंडी पाइप काढलास, काळा प्लॅस्टिकचा टाकलास. घराच्या सगळ्या तिसऱ्या तारा कुठल्याशा जुन्या वायरमननं त्या लोखंडी पाइपाला बांधलेल्या. तोवर ते चालून गेलं, कारण पाइप मातीत होता. पाइप प्लॅस्टिकचा झाला आणि विजेची मातीकडं जाणारी वाट बंद झाली. नळाजवळचा लोखंडी तुकडा तेवढा भिंतीत तसाच राहिला, आणि तारा त्याला तशाच बांधलेल्या. मोटरच्या आत कुठं तरी वीज गळत होती. ती सुरू झाली की गळकी वीज त्या तारांतून घरभर हिंडायची, वाट शोधत. नळात. म्हशीच्या टाकीत. तुझ्या हिरव्या तारेत. मोटर थांबली की सगळं शांत. माझा टेस्टर दहाव्याला विझलेला होता, तो खोटं बोलत नव्हता. टाकी भरून मोटर नुकतीच बंद झाली होती.

आणि नळ चावतो, हाताला मुंग्या आणतो, हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं! चर खणल्यावर लगेच. मावशीनं ठरवलं, चर ओढ्याकाठच्या शेंदरी दगडांना घासून गेलाय, साती आसरा कोपल्यात. पाण्याच्या देवता त्या, त्यांची वाट अडवली. त्यांची ओटी भरली, हिरव्या बांगड्या ठेवल्या, नारळ फोडला. त्याच आठवड्यात पाऊस लागला, झऱ्याचं पाणी टाकीत पडायला लागलं, मोटरची गरजच राहिली नाही, नळ चावायचा थांबला. मावशी जिंकली. तूही हसून सोडून दिलंस. पाऊस सरला, मोटर परत सुरू झाली. म्हशीला कळलं, तुला नाही.

मावशीवर मी चिडलो नाही. तिला काहीतरी बिघडलंय एवढं तरी कळलं होतं. मी चिडलोय तुझ्यावर. नळ चावतो हे तू मला सांगितलं नाहीस, कारण मी खेकसलो असतो. तिसरी तार टाकलीस हे सांगितलं नाहीस, कारण मग मी जिंकलो असतो. मी खेकसलोही असतो आणि जिंकल्याचा तोराही मिरवला असता, नाही म्हणत नाही. पण त्यासोबत एकच प्रश्न विचारला असता. विलास, ती तार पुढं जाते कुठं? एवढाच प्रश्न, आणि तू आज माझ्या दुकानात डावा हात खिशात घालून चहा पीत असतास. दोन गोष्टी सांगितल्या होत्या. त्यातली एक ऐकलीस. एकही ऐकली नसतीस, तर ती वीज तुझ्या गिटारपर्यंत पोचलीच नसती. हे माझ्या घशाखाली उतरत नाही.

मागच्या अंगणात आम्ही खड्डा खणला. मुरूम लागला, पहार लागली. तांब्याची पट्टी उभी केली, भोवती कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा. मावशी बघत उभी होती. खड्डा बुजवल्यावर तिनं वर हळदकुंकू वाहिलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मी पहार उचलून मोटरकडं वळलो. मोटर भरून आणली, आतली तार सगळी नव्यानं गुंडाळून. मेनपाशी गळती धरणारा स्विच बसवला. मग तुमच्या आळीत घरोघर टेस्टर घेऊन हिंडलो. प्लॅस्टिकचा पाइप तुझं बघून बऱ्याच जणांनी टाकलाय. काहींनी खड्डे खणायला घेतले. काही म्हणाले, आमचा नळ न्हाई चावत, आमी ओटी भरलीया. त्यांच्या मोटरी दुपारी सुरू झाल्या की मला माझ्या दुकानात बसूनही ऐकू येतात, असं वाटतं.

सायलीनं परवा तुझा ॲम्प लावला. आधी मी तीन वेळा तपासला. ती थांबली, तापू दिला, अगदी तुझ्यासारखी. एकच सूर काढला. त्याच वेळी मागं मोटर सुरू झाली आणि आम्ही दोघंही गोठलो, तिचा हात तारांवर आणि माझा टेस्टरवर. काही झालं नाही. सूर तेवढा हळूहळू विरत गेला.

म्हैस त्याच दिवशी टाकीवर गेली. लांबूनच वास घेतला, एक पाऊल पुढं, एक मागं, मग तोंड बुडवून कितीतरी वेळ पीत राहिली. दुःख वगैरे काही नव्हतं तिला.

वहिनी नळापाशी येत नव्हत्या. पाणी सायली भरायची. काल दुपारी लाइट आली, मोटर घरघरायला लागली, तशा त्या घरातून बाहेर आल्या. पदराला हात पुसले. माझ्याकडं न बघता नळापाशी गेल्या आणि चावी दोन्ही हातांनी धरली, पहिल्या दिवशी धरली होती तशी. मी जागचा हललो नाही. मोटर चालू होती. त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या, बराच वेळ, कान देऊन ऐकावं तशा.

"नुसता गार हाय," म्हणाल्या, आणि खाली बादली लावली.